घरातला मिक्सर उघडायचा कोणी?



या मालेच्या चिटणीसांनी मला बोलावले तेव्हा त्यांच्या मनात ‘कंत्राटी कामगारांचे प्रश्न’ असा काहीसा विषय होता. तो माझ्या रोजच्या तोंडचा विषय आहे आणि गेटसभांतून मी तो पुष्कळदा बोललो आहे. मी त्यांना म्हणालो, या खेपेस मला मिक्सरवर बोलू द्या. बंद पडलेला मिक्सर घरच्या घरी कसा उघडावा, आणि आपण तो का उघडत नाही, यावर. चिटणीस जरा गप्प झाले. वसंत व्याख्यानमालेची प्रथा 1875 साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व काही झाले असेल. मिक्सर बहुधा झाला नसावा. तरीही त्यांनी परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार मानतो. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे थोडेफार शिकलो ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयात. तेव्हा भाषेत काही चुकले तर पोटात घाला. यंत्राबद्दल काही चुकले तर मात्र सभा संपल्यावर मला जरूर धरा.

पाट्यावर वाटण वाटलेल्या माताभगिनी या सभागृहात आजही आहेत. पाटा झिजून गुळगुळीत झाला की वाटण नुसते सरकत राही. मग ‘टाकीऽऽ’ अशी आरोळी देत दारावर बाई येई, अंगणात बसून छिन्नीने पाट्याला नव्या खाचा पाडी, आणि पाटा पुन्हा चार-सहा महिने चाले. कल्हईवाला भाता, नवसागर आणि कथील घेऊन येई. त्यानंतर आपल्या घरात स्टोव्ह आला. 1892 साली स्वीडनमध्ये निघालेला हा प्रायमस आपल्याकडे इतका रुजला की तो परका आहे हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. स्टोव्ह भडकू लागला की घरातले दहा वर्षांचे पोर पिन मारी. पंप हवा धरीना की आई कातडी वायसर काढून तेलात भिजत घाली आणि तासाभराने पुन्हा बसवी. त्या बाईला यंत्रशास्त्र शिकवायला कोणी गेले नव्हते. यंत्र तिच्यासमोर उघडे होते, म्हणून तिला ते येत होते.

मिक्सर मात्र झाकलेला आला. वर रंगीत प्लॅस्टिकचे कवच, खाली चार रबरी पाय, आणि आत काय आहे ते कोणी पाहिलेले नाही.

यात गंमत अशी की आपला हिंदुस्थानी मिक्सर जन्माला आला तोच एका घरगुती दुरुस्तीतून. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर सीमेन्स कंपनीत नोकरीस होते. त्यांच्या पत्नी माधुरीबाई यांच्याकडे जर्मन बनावटीचा मिक्सर होता. तो बंद पडला. युरोपातले ते यंत्र फळांचा रस, मऊ पदार्थ, फेटणे-घुसळणे यांसाठी केलेले. आपल्याकडे त्यात भिजवलेली डाळ, सुके खोबरे आणि हळकुंड पडणार! बिचाऱ्याची मोटर त्या कामाची नव्हती. माथुरांनी ते यंत्र उघडले, विचार केला, आणि आपल्या वाटणाला पुरेल अशी मोटर घालून नवे यंत्र उभे केले. 1963 साली ‘सुमीत’ हे नाव बाजारात आले ते असे. म्हणजे एका बाईची रोजची अडचण, तिच्या नवऱ्याचे उघडे डोळे आणि एक पेचकस, एवढ्यातून या देशातला एक मोठा धंदा निघाला. त्या यंत्राची पुढची पिढी मात्र आपण उघडायला भितो.

तर आता आपण ते उघडू. घाबरू नका, मी शब्दांनीच उघडणार आहे.

पहिली गोष्ट, पिन भिंतीतून काढा. नुसते बटण बंद करणे पुरे नाही. पिन काढून आपल्या नजरेसमोर ओट्यावर ठेवा. घरातली वीज 230 व्होल्टची आहे, आणि कारखान्यात मी पाहिलेले विजेचे बहुतेक अपघात ‘बटण बंद होते की’ या वाक्याने सुरू झालेले आहेत.

निदानाला मात्र अगदी आरंभी क्षणभर वीज लागते. भांडे उतरवून ठेवा, बुडाशी हात नेऊ नका, आणि मोटर रिकामीच क्षणभर फिरवून पाहा. फिरली तर दोष भांड्यात आहे. फिरली नाही तर दोष खाली आहे. अर्धे निदान इथेच झाले. काही नव्या यंत्रांत भांडे नीट बसल्यावाचून मोटर चालत नाही. तिथे ही परीक्षा लागू नाही, एवढे ध्यानात ठेवा. आता पिन काढा आणि पुढे चला.

भांड्यात दोष असेल तर भांडे उलटे करून खालची दातेरी चकती बोटाने फिरवा. ती सहज फिरली पाहिजे. फिरत नसेल तर पात्याचा दांडा बुशात जाम झाला आहे. कारण बहुधा मीठ, चिंच आणि भांडे धुऊन पाणी तसेच साचू देणे. दांड्याच्या कडेने खाण्याच्या तेलाचे दोन-चार थेंब सोडा, तासभर ठेवा, आणि हाताने हळूहळू मोकळा करा. यंत्राचे काळे तेल इथे घालू नका, हे भांडे पोटाशी संबंध असलेले आहे. भांड्याच्या बुडातून काळसर पाणी ठिबकत असेल तर आतले सील गेले आहे. ते पाणी खाली मोटरीत उतरते, म्हणून ‘चालतंय तोवर चालू दे’ असे म्हणू नये. नवा बुश दाबून बसवायला साधन लागते. भांडे मिस्त्रीकडे न्यावे.

मोटर फिरते, आवाज करते, पण पाते हलत नाही, असे असेल तर कपलर पाहा. मोटरीच्या वरच्या टोकाला रबराचा किंवा प्लॅस्टिकचा जो दातेरी तुकडा असतो तो कपलर. त्याचे दात झिजतात, कधी तुटतात. तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो: भांडे अडकले तर हा स्वस्त तुकडा मोडावा आणि महाग मोटर वाचावी. तो बदलताना शंभरातले नव्वद लोक हमखास अडतात, कारण पुष्कळ यंत्रांत त्याचे आटे उलटे असतात. आपण नेहमीच्या सवयीने डावीकडे फिरवतो आणि तो सुटण्याऐवजी घट्ट होत जातो. याला एक सोपी खूण आहे. भांड्यातले पाते पाहा. पात्याची धार ज्या दिशेने पुढे धावते, त्या दिशेने मोटर फिरते. आणि त्याच दिशेने कपलर फिरवला की तो सुटतो. असे का? वाटणाचा विरोध कपलरला सदा मोटरीच्या उलट रेटत असतो. त्या रेट्याने तो सुटू नये, उलट आवळत जावा, अशी आट्यांची दिशा कारागिराने ठेवलेली असते. खालून मोटरीचा दांडा पेचकसाने किंवा पकडीने धरून ठेवावा लागतो, नाहीतर दोन्ही एकदमच फिरतील. हा उलटा आटा ज्याने बसवला त्या कोण्या अनामिक माणसाबद्दल मला नेहमी आदर वाटतो.

मोटर मुळीच फिरत नसेल तर यंत्र आडवे करून बूड पाहा. तिथे बहुतेक यंत्रांना एक छोटे, बहुधा लाल, बटण असते. भार फार झाला, मोटर तापली, की हे बटण बाहेर येऊन वीज तोडते. काही मिनिटे थांबून यंत्र निवू द्यावे आणि बटण आत दाबावे. बस्स. या एका बटणापायी किती मिक्सर दुकानात जातात हे कोणत्याही प्रामाणिक मिस्त्रीला विचारा. तो हसेल. यंत्रावरच्या पट्टीवर 5 मिनिटे चालू, 2 मिनिटे बंद, अशासारखे काही लिहिलेले असते. ते शोभेसाठी लिहिलेले नसते.

बटण दाबूनही फिरत नसेल, किंवा चालताना आत निळसर ठिणग्या फार दिसत असतील, किंवा यंत्र थांबत-थांबत चालत असेल, तर बुडाचे स्क्रू काढा. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी दिसेल. मधोमध फिरणारे आर्मेचर, त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, आणि त्या गोलाला दोन्ही बाजूंनी टेकलेल्या कार्बनच्या दोन कांड्या. मागून स्प्रिंग त्यांना पुढे ढकलत असते. सगळी वीज या दोन कांड्यांतून फिरत्या भागाला पोचते. ही मोटर भार नसताना मिनिटाला 18,000 ते 20,000 फेरे घेते, तेव्हा त्या कांड्या झिजणारच. त्यांचा जन्मच झिजण्यासाठी आहे. झिजून आखूड झाल्या असतील तर दोन्ही एकदम बदला, एक जुनी एक नवी ठेवू नका. जुनी कांडी सोबत नेली की विजेच्या सामानाच्या दुकानात तिच्या मापाची मिळते. तांब्याचा गोल काळा पडला असेल तर बारीक काचकागदाने हलके पुसा. एमरी कागद नको, त्याचे कण पट्ट्यांच्या फटीत बसून घात करतात. तारा कुठल्या कुठे होत्या त्याचे चित्र आधी कागदावर काढून ठेवा. आता सगळ्यांच्या खिशात फोन असतो, फोटो घ्या. मी मात्र अजून चित्र काढतो. चित्र काढताना माणूस पाहतो, फोटो घेताना तो नुसता टिपतो.

गुंडाळी जळली असेल तर नाकालाच कळते. ते काम घरचे नव्हे.

एवढे सगळे ऐकून कोणी म्हणेल, यात युनियनवाल्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो सांगण्यासाठीच मी आलो आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या पॉवर प्रेसवरच्या कामगाराला आरोपपत्र मिळाले. निष्काळजीपणाने प्रेस चालवून किमती डाय मोडली, असा आरोप. बडतर्फीची तयारी होती. चौकशीत मी त्याच्या बाजूने बसलो होतो. सगळे त्याने पाय किती वेळा मारला, जेवणाच्या सुट्टीनंतर तो झोपेत होता काय, यावर बोलत होते. तो गडी फार बोलका नव्हता. पण तो मध्येच म्हणाला, ‘साहेब, पाय एकदाच मारला. प्रेस आपोआप दुसऱ्यांदा आली. क्लचची चावी काढून बघा.’ कोणाला ते नको होते. आम्ही लेखी मागणी केली आणि सर्वांदेखत क्लच उघडायला लावला. चावीची कड झिजून गोल झालेली होती. अशी चावी पकड सोडत नाही आणि प्रेस न सांगता पुन्हा खाली येते. त्या दिवशी डाय मोडली. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याची बोटे गेली असती. आरोपपत्र मागे घ्यावे लागले. त्याला वाचवले ते माझ्या वक्तृत्वाने नव्हे. त्याला यंत्राच्या आत काय आहे ते ठाऊक होते.

आता घरात या. मिक्सर जळाला की आरोपपत्र कोणाला मिळते? ‘तू एकदम भांडं भरलंस.’ ‘तुला किती वेळा सांगितलं, सलग चालवू नकोस.’ सासूबाई बोलतात, नवरा बोलतो, दुकानदार तर पहिल्याच वाक्याला बोलतो: ‘वहिनी, ओव्हरलोड केला असणार.’ चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही, यंत्र उघडून पाहणे नाही. मिक्सर चालवते ती, म्हणून गुन्हा तिचा. आणि पेचकस ज्या खणात असतो तो खण मात्र घरातल्या पुरुषाचा. त्याने आयुष्यात कधी चटणी वाटलेली नसते, पण स्क्रू फिरवण्याचा अधिकार त्याच्याकडे! माझे म्हणणे असे आहे की यंत्राचा आवाज जिला रोज ऐकू येतो तिनेच ते उघडावे. आवाज बदलला आहे हे तिला सर्वांच्या आधी कळलेले असते. कार्बन झिजले आहेत हे एकदा तिने डोळ्यांनी पाहिले, की ते आरोपपत्र घरातल्या कोणालाही तिच्या हातात देता येणार नाही.

आणखी एक गोष्ट मला बोचते. मी ज्या औद्योगिक वसाहतीत काम करतो तिथे घरगुती यंत्रांचे सुटे भाग बनवणारी युनिटे आहेत. तिथे पट्ट्यावर उभी राहून एखादी मुलगी दिवसभर एकच स्क्रू आवळते. पाळी संपली की तिच्या हातून किती यंत्रे गेली ते सुपरवायझर सांगतो. तिच्या घरचा मिक्सर बिघडला तर ती काय करते? पिशवीत घालून दुकानात नेते. जे तिच्या हातांतून रोज जाते ते तिला परके आहे. पोथ्यांतून याबद्दल पुष्कळ लिहिलेले आहे आणि मी त्यातले काही वाचलेही आहे. पण मला ते खरे समजले ते त्या पिशवीमुळे.

यंत्र दुरुस्त होण्याजोगे असावे ही मागणी नवी नाही. 1929 साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजच्या कारखानदारांनी वाचण्यासारख्या आहेत. किंमत 150 रुपयांहून अधिक नसावी. बाईला 8 तास फारसे न थकता चालवता यावा. वेळच्या वेळी देखभाल केली तर 20 वर्षे चालावा. आणि दरसालचा देखभालीचा खर्च यंत्राच्या किमतीच्या 5 टक्क्यांहून जास्त नसावा. किर्लोस्करवाडीलाही एक चरखा तयार झाला होता. बक्षीस शेवटी कोणाला मिळाले नाही. पण दुरुस्तीचा खर्च ही यंत्राच्या गुणवत्तेची अट आहे, हा विचार तेव्हा या देशात मांडला गेला होता, हे आपण विसरलो.

आता तो फिरून येतो आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने 2024 मध्ये त्यासाठी कायदा केला; त्याच्या यादीत धुलाईयंत्र आहे, फ्रीज आहे, मोबाइल फोन आहे, पण आपल्या ओट्यावरचा मिक्सर नाही. कायदे व्हावेत, त्यासाठी भांडावे, माझी त्याला ना नाही. पण कायद्याने सुटा भाग मिळेल. तो कुठे बसतो हे कायदा सांगणार नाही. आणि काही यंत्रांचे बूड नेहमीच्या पेचकसाने उघडू नये म्हणून जे चमत्कारिक डोक्याचे स्क्रू घालतात, त्यांच्याबद्दल तर काय बोलावे! मी असे यंत्र विकतच घेत नाही. दुकानात गेलो की आधी ते उलटे करून बूड पाहतो. दुकानदाराला वाटते म्हातारा किंमत शोधतोय.

एक आक्षेप मला आमच्याच माणसांकडून ऐकावा लागला. घरोघर लोक दुरुस्ती करू लागले तर गल्लीतल्या मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल. आक्षेप मोलाचा आहे, कारण तोही कामगारच. पण मी चार मिस्त्र्यांशी बोललो. लाल बटण दाबण्याचे पैसे घेणे त्यांतल्या कोणालाच आवडत नाही. जो घेतो त्याला आपण फसवतो आहोत हे कळते. त्यांची खरी कमाई वाइंडिंगची आहे, बुश-बेअरिंगची आहे. मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो तो ‘आता हा टाका, नवा घ्या, जुन्यावर सूट आहे’ या वाक्याने. ज्या घरात यंत्र उघडण्याची सवय आहे त्या घरातले यंत्र भंगारात लवकर जात नाही, आणि जे भंगारात जात नाही तेच कधीतरी मिस्त्रीकडे येते. शिवाय आर्मेचर म्हणजे काय हे ज्या गिऱ्हाइकाला ठाऊक आहे ते मिस्त्रीच्या मजुरीवरून घासाघीस कमी करते. त्या कामाला दोन तास का लागतात हे त्याला कळलेले असते.

काही गोष्टी मात्र हात लावण्याच्या नाहीत, तेही सांगून ठेवतो. तिपायी पिनेची तिसरी, लांब आणि जाड पिन ही अर्थिंगची. ती आपल्या जिवासाठी आहे. बसत नाही म्हणून ती कापू नका, दोनपायी पिन लावू नका. आणि प्रेशर कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हशी घरची कारागिरी कधीही नको. शिटीची वाट बंद झाली आणि आत दाब-उष्णता बेसुमार वाढली की त्यातला धातू वितळून वाफेला वाट देतो. तिथे तार, नाणे, एम-सील असले काही बसवून ‘तात्पुरते’ भागवलेले मी पाहिले आहे. व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा, नवाच घ्यावा. कुकरचे रबर आणि शिटी घरी बदला, शिटीची वाट स्वच्छ करा, तेवढे पुष्कळ.

2009 साली ॲमस्टरडॅम शहरात मार्टिन पोस्टमा नावाच्या बाईंनी एक साधी गोष्ट सुरू केली. ठरलेल्या दिवशी लोकांनी बिघडलेल्या वस्तू घेऊन यावे, जाणत्यांनी शेजारी बसून त्यांच्याकडूनच त्या दुरुस्त करून घ्याव्यात, चहा प्यावा. पुढे ती पुष्कळ देशांत पसरली. आमच्या युनियनच्या कचेरीत दोन लांब टेबले आहेत आणि रविवारी ती रिकामी असतात. आमच्या सभासदांपैकी तीन फिटर आणि एक वाइंडर येत्या रविवारी सकाळी नऊपासून बसायला कबूल झाले आहेत. ज्यांच्या माळ्यावर बंद मिक्सर असेल त्यांनी तो भांड्यासकट आणावा. भांडे विसरू नये, निम्मा दोष तिथेच असतो. पेचकस, पक्कड आणि काचकागद आम्ही देऊ. कार्बन आणि कपलर बाजारातून आणावे लागतील, म्हणून यंत्राच्या बुडाच्या पट्टीवरचे नाव आणि वॅट आधी कागदावर लिहून आणा. आणि यंत्र जी रोज चालवते तिला सोबत आणा. स्क्रू तिच्याच हातांनी काढायचे आहेत.